पैसे बंगळुरूत नसतात

शुक्रवारी भिवंडीतले माग बंद असतात, म्हणून शुक्रवारी माझं ऑफिस भरतं. ऑफिस म्हणजे कल्याण नाक्याजवळचा दहा बाय बाराचा गाळा, एक संगणक, एक प्रिंटर आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या. जुलैपर्यंत लोक रिटर्न भरायला येतात. त्यानंतर येतात ते एकच प्रश्न घेऊन. काल्हेरचे गोदामवाले दादा दारातूनच विचारतात, "ताई, पैसं आलं का?" शांतीनगरचे चाचा चपला काढतात, बसतात, पाणी पितात आणि मग विचारतात, "बेटी, आया क्या?" पद्मानगरच्या मावशी नुसतं "वच्चिंदा?" म्हणतात. तेलुगू मला तेवढंच कळतं आणि तेवढं पुरतं.

मी पॅन टाकते, पासवर्ड टाकते, वर्ष निवडते. या वर्षापाशीच निम्मे घोळ होतात. कमाई २०२४-२५ ची, पण तिचं आकारणी वर्ष २०२५-२६. घरी मुलाने मोबाइलवर आधीच बघितलेलं असतं. त्याने कमाईचं वर्ष निवडलेलं असतं, आणि मग त्याला मागच्या खेपेचा, येऊन खर्चूनही झालेला परतावा दिसतो. "मॅडम, इसमें तो पेड बता रहा है!" बापलेक दोघं माझ्याकडे संशयाने बघतात, जणू मधल्यामध्ये पैसे मीच खाल्ले. नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६ ही तारीख धरून ही दोन वर्षांची भानगड काढून टाकली आणि एकच 'कर वर्ष' ठेवलं. बाकी कायदा कसा का असेना, तेवढ्यासाठी मी त्याची आभारी आहे.

पडद्यावर जे शब्द येतात ते इंग्रजीत. रिटर्न भरलं, ई-व्हेरिफाय झालं, अंडर प्रोसेसिंग, प्रोसेस्ड, रिफंड इश्यूड. पहिली काही वर्षं मी ते मराठी-हिंदीत समजावून सांगायचे आणि समोरचा मान डोलावून पुन्हा पहिलाच प्रश्न विचारायचा. एकदा चाचांनीच मला सोडवलं. 'अंडर प्रोसेसिंग' ऐकून ते शेजारच्याला म्हणाले, "मतलब बीम सायझिंग में गया है." बस. सूत वारपिंगहून सायझिंगला गेलं की मागवाल्याच्या हातात काही नसतं. खळ लागून, वाळून बीम परत येईपर्यंत माग रिकामा ठेवून बसायचं, फोन करून उपयोग नाही. तेव्हापासून माझ्या गाळ्यात रिटर्न सायझिंगला जातं.

पण मुळात ज्याला कर लागत नाही त्याचे पैसे सरकारकडे गेलेच कसे, हे लोकांना अजून पटत नाही. भिवंडीतले बहुतेक लहान मागवाले स्वतःचं कापड विणत नाहीत. व्यापारी सूत देतो, मागवाला मजुरीवर विणून ताके परत देतो. मजुरी देताना व्यापारी एक टक्का कापून सरकारजमा करतो. समजा वर्षाला १६ लाखांची मजुरी आली, तर १६,००० कापले गेले. आता त्या १६ लाखांतून लाइट बिल, कारागिरांचा पगार, शेडचं भाडं, दुरुस्ती, सुटे भाग असं सगळं जाऊन चाचांच्या हातात राहतात सव्वादोन लाख. त्यावर कर शून्य. म्हणजे कापलेले सगळेच्या सगळे १६,००० परत यायला हवेत, वर महिन्याला अर्धा टक्का व्याज. वेळेत रिटर्न भरलेलं असेल तर व्याज आकारणी वर्षाच्या १ एप्रिलपासून मोजतात. सप्टेंबरमध्ये पैसे आले तर सहा महिन्यांचे ४८०. त्या ४८० रुपयांचा पुढच्या वर्षी उत्पन्न म्हणून हिशेब द्यावा लागतो, हे मी सांगते तेव्हा चाचा हसतात. "हमारा ही पैसा, उसका ब्याज भी हमारा, और उसपे भी हिसाब?"

हसतात खरे, पण पैसे खात्यात आले की मिठाईचा पुडा घेऊन येतात. "सरकार ने दिया." मी दरवेळी सांगते की सरकारने दिले नाहीत, तुमचेच परत केले. ते "हां हां" म्हणतात. पुडा मात्र आणतात, आणि मीही घेते.

माझे वडील सुताच्या एका पेढीवर मेहताजी होते. पेढीवरच्या लहानसहान लोकांची रिटर्नंही तेच भरायचे, कागदावर, 'सरल' नावाचा फॉर्म होता तेव्हापासून. कल्याणच्या आयकर कार्यालयात रिटर्न देऊन पोचपावती आणायची आणि ती खिळ्याला टोचून ठेवायची. परतावा यायचा तो चेकने, टपालाने. आता भिवंडीचे पत्ते कसे असतात ते भिवंडीकरालाच माहीत. अमक्याचं कंपाउंड, तमक्या मशिदीच्या मागे, पिठाच्या चक्कीच्या बाजूला, वरचा मजला. रिटर्नच्या फॉर्मवरच्या पत्त्याच्या चौकटीत त्यातलं निम्मं मावायचं. पाकीट 'पत्ता अपूर्ण' असा शिक्का घेऊन परत जायचं आणि मागवाला पोस्टमनची वाट बघत राहायचा. काही चेक मिळायचे ते मुदत संपल्यावर. वडील पोस्टमनला दिवाळीला न चुकता पोस्त द्यायचे, त्यामागे हा हिशेब होता.

मग रिटर्नं ऑनलाइन झाली, आणि 'बंगळुरू' हा शब्द भिवंडीत शिरला. आयकर खात्याचं केंद्रीय प्रक्रिया केंद्र २००९ च्या सुमारास तिथे सुरू झालं. रिटर्न संगणकावर भरायचं, पण त्याची सही केलेली एक पानी पावती मात्र टपालानेच बंगळुरूला पाठवायची, १२० दिवसांच्या आत. सही निळ्या शाईने, बारकोडवर घडी पडता कामा नये. ते पान पाठवायला विसरलेले लोक मी शेकड्यांनी बघितले असतील. रिटर्न भरलं म्हणून ते निवांत, आणि तिकडे ते भरलंच नाही अशी नोंद. २०१५ पासून आधारच्या ओटीपीने पडताळणी करता यायला लागली आणि ते पान सुटलं. मुदत मात्र आवळत गेली, १ ऑगस्ट २०२२ पासून ती ३० दिवसांची झाली. आणि १ मार्च २०१९ पासून चेक बंद झाले. परतावा थेट बँक खात्यात, तेही पॅनशी जोडलेल्या, आधी तपासून घेतलेल्या खात्यात. पोस्टमनची पोस्त मी अजून देते, सवय म्हणून.

तेव्हापासून एक समज पक्का बसला: पैसे येत नाहीत म्हणजे ते बंगळुरूत अडकलेत. "बैंगलोर में अटका है" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की एके वर्षी मी एक दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक अडकलेल्या परताव्यापुढे तो नेमका कशाने अडकला ते लिहायला सुरुवात केली. आता तिसरी वही चालू आहे. तिन्ही वह्या चाळल्या तर बंगळुरूच्या नावाने लिहिलेल्या ओळी फार थोड्या सापडतात. बाकी सगळं इथलं आहे. भिवंडीतल्या भिवंडीत, कधीकधी तर एकाच घरात.

सगळ्यात जास्त ओळी नावाच्या आणि जन्मतारखेच्या. आपल्याकडे एका पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी घातलेली ती तारीख. पॅनवर १ जून, आधारवर नुसतं साल सांगितलं म्हणून १ जानेवारी, आणि आईला विचारलं तर "गणपतीच्या आधी, पाऊस लागला होता". चाचांच्या पॅनवर 'मोहम्मद' पूर्ण, आधारवर 'मो.', बँकेत फक्त शेवटचं नाव. पद्मानगरात आडनाव आधी लिहायची पद्धत, बँकेने ते शेवटी लिहिलेलं. आमच्याकडे बायकांचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. पॅन-आधार जोडायला गेलं की जुळत नाही, म्हणून लोक सोडून देतात. मग १ जुलै २०२३ आली आणि जोडणी न झालेली पॅन कार्डं निष्क्रिय झाली. निष्क्रिय पॅनवर परतावा मिळत नाही, तेवढ्या काळाचं व्याजही नाही, आणि कर कापताना वीस टक्क्यांनी कापायची तरतूद. १,००० रुपये भरून पॅन पुन्हा चालू होतं. पण ते हजार भरण्याआधी नाव आणि तारीख दुरुस्त करायची, त्यासाठी शाळेचा दाखला, आणि शाळा उत्तर प्रदेशात किंवा करीमनगरला. तो दाखला आणायला गावी जाणं म्हणजे माग आठ दिवस दुसऱ्याच्या भरवशावर टाकणं. त्यामुळे ते पुढच्या ईदवर, पुढच्या लग्नावर ढकललं जातं.

दुसऱ्या नंबरच्या ओळी व्यापाऱ्यांच्या. एक टक्का कापला हे बिलावर दिसतं, पण कापलेले पैसे भरून त्याचं तिमाही विवरण व्यापाऱ्याने दाखल केल्याशिवाय ते मागवाल्याच्या २६एएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या त्याच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, उमटत नाहीत. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीला ३१ मेपर्यंत मुदत असते. मे उलटला, जून संपत आला तरी रकाना रिकामा. मी चाचांना सांगते, शेठला फोन करा. चाचा गप्प बसतात. ज्याच्या सुतावर चोवीस माग चालतात त्याला 'तुम्ही विवरण भरलं नाही' असं कोण सांगणार? उशिराला दिवसाला २०० रुपये फी आहे, कायदा चाचांच्या बाजूचा आहे, पण सूत शेठच्या गोदामात आहे. शेवटी फोन मीच करते, "ऑडिटसाठी हवं होतं" असं काहीतरी निमित्त काढून.

काही ओळी बँकांच्या विलीनीकरणाच्या आहेत. पद्मानगरात अनेकांची खाती दक्षिणेकडच्या एका बँकेत होती. १ एप्रिल २०२० ला ती मोठ्या बँकेत गेली, पुढे आयएफएससी बदलले, आणि जुना कोड असलेल्या खात्यांचे परतावे 'फेल्ड' होऊन परत फिरले. खातं नव्याने तपासून परतावा पुन्हा काढण्याचा अर्ज केला की काम होतं. तो टाळेबंदीचा काळ होता, माग बंद होते, कारागीर गावी निघून गेले होते, आणि ज्या सात-आठ हजारांना एरवी कोणी फारसं विचारत नाही त्यांच्यासाठी लोक मला रात्री फोन करत होते. ते अर्ज मी घरून, वडिलांच्या टेबलावर बसून केले.

काल्हेरच्या दादांची गोष्ट मात्र वहीत सव्वा पान आहे. अंजूर फाट्यापासून पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली, दापोडे, सगळा पट्टा एके काळी भातशेतीचा. आता तिथे गोदामं आहेत. तीन भावांच्या सामाईक सातबाऱ्यावर एक गोदाम उभं राहिलं, मुंबईच्या एका कंपनीने महिना दीड लाखाने घेतलं. करारावर सही थोरल्या दादांची, म्हणून पॅनही त्यांचं. वर्षाचं भाडं १८ लाख, त्यावर दहा टक्के, म्हणजे १,८०,००० दादांच्या नावावर कापले गेले. भाडं मात्र दादा दर महिन्याला तिघांत वाटून द्यायचे, कर कापून उरलेले पंचेचाळीस-पंचेचाळीस हजार, चोख. कापलेला कर धरून प्रत्येकाच्या वाट्याला ६ लाख, त्यातली ३० टक्के वजावट गेली की ४ लाख २० हजार, म्हणजे सवलत धरून कर शून्य. तिघांनाही ६०-६० हजार परत मिळायला हवेत.

पहिल्या वर्षी कोणीतरी दादांचं एकट्याचं रिटर्न भरून पूर्ण १८ लाख त्यांच्या नावावर दाखवले होते. परतावा सोडा, कर भरावा लागला. दुसऱ्या वर्षी धाकट्याने स्वतःच रिटर्न भरून ६०,००० मागितले. त्याच्या २६एएसमध्ये एक रुपयाही नव्हता, म्हणून तेही गेलं. भावाभावांत बोलणं बंद होण्याची वेळ आली. धाकट्याला वाटायचं दादाने कापलेले पैसे दडपले. दादांना वाटायचं याला सरकारात खेटे घालायची हौस. माझ्याकडे तिघं आले ते तीन वेगवेगळ्या गाड्यांतून.

उपाय नियमात आहे. उत्पन्न ज्याचं, कापलेल्या कराचं श्रेय त्याचं. त्यासाठी ज्याच्या नावावर कर कापला त्याने कापणाऱ्याला लेखी द्यायचं की अमुक भाग अमक्याचा आहे, कारण हे, पॅन हे. मग कापणारा आपल्या विवरणात दुरुस्ती करतो. सातबारा, वाटणीचा कागद, बँकेचे उतारे जोडून पत्र पाठवलं. दुरुस्तीला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी दर शुक्रवारी तिघांचं २६एएस उघडत होते आणि तिघांनाही वेगवेगळा फोन करून तेच उत्तर देत होते. शेवटी रकाने भरले, पैसे आले. दादांचा फोन आला तो पैशांचा नव्हता. "ताई, धाकटा घरी जेवून गेला," एवढंच म्हणाले. तीन गाड्यांतल्या दोन अजून वेगळ्याच येतात, ते सोडा.

जुन्या मागण्यांच्या ओळी आता कमी झाल्या. पूर्वी हमखास व्हायचं: या वर्षीचे ९,००० यायचे असायचे आणि २००८-०९ ची कुठली तरी ६,००० ची थकबाकी समोर यायची. परतावा त्यात वळता करण्याआधी खातं नोटीस देतं, उत्तराला २१ दिवस मिळतात. पण नोटीस येते ईमेलवर, आणि ईमेल असतो तेव्हाच्या सायबर कॅफेवाल्याचा. १ फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या २५,००० पर्यंतच्या आणि पुढे २०१४-१५ पर्यंतच्या १०,००० पर्यंतच्या मागण्या मागे घेतल्याचं जाहीर झालं. त्या एका घोषणेने माझ्या वहीतली कितीतरी पानं निकालात निघाली. ज्यांचे पैसे आधीच वळते झाले होते त्यांना मात्र काही सांगता आलं नाही.

एका गोष्टीवर मी भांडते. गोदामांत पगारावर काम करणारी मुलं, पिकिंग-पॅकिंगचे सुपरवायझर, माझ्याकडे येऊन विचारतात, "मॅडम, आप कितना निकाल के दोगे?" पगारातून २२,००० कापलेत, अमका एजंट सगळे काढून देतो आणि वीस टक्के घेतो. कसे काढतो? न दिलेलं घरभाडं, न दिलेली राजकीय देणगी, नसलेला विमा. पैसे येतातही, आणि म्हणूनच लोक फसतात. जुलै २०२५ मध्ये अशाच खोट्या वजावटींसाठी आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. नोटीस आली की एजंटचा फोन लागत नाही, कारण रिटर्नवर त्याचं नाव नसतंच. कर, व्याज, दंड मुलाच्या पॅनवर. मी अशांना परत पाठवते आणि त्यातले बरेच त्याच एजंटकडे जातात. त्यापेक्षा सोपी लूट म्हणजे 'तुमचा परतावा मंजूर झाला, इथे दाबा' असा संदेश. माझ्या एका मागवाल्याने रिटर्न भरलेलंच नव्हतं, तरी त्याने दाबलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या आयकर विधेयकाचा मसुदा आला तेव्हा मी दोन रात्री नीट झोपले नाही. त्यात असं होतं की परतावा हवा तर रिटर्न मुदतीतच भरलेलं पाहिजे. मुदत चुकली की पैसे गेले. भिवंडीत मुदत चुकण्याची कारणं कोणी दिल्लीत बसून मोजली असतील असं मला वाटत नाही. गावी कोणी वारलं, शेठने विवरण भरलं नाही, पॅन निष्क्रिय. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेच्या समितीने ती अट काढायला सांगितली आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. चाचांना हे मी सांगितलं नाही. जे झालंच नाही त्याची काळजी त्यांना कशाला?

तिसऱ्या वहीतली शेवटची ओळ माझ्याच घरची आहे. वडिलांच्या मुदत ठेवीवर ६४,००० व्याज झालं. एप्रिलमध्ये १५एच फॉर्म बँकेत दिला असता तर काही कापलं गेलं नसतं. तो द्यायला मी विसरले. जगाचे फॉर्म भरते आणि घरचा राहून गेला. ६,४०० कापले गेले. जुलैमध्ये वडिलांनी स्वतः शेजारी बसून रिटर्न भरून घेतलं, ओटीपी मोठ्याने वाचून दाखवला. ऑगस्टमध्ये ते गेले. सप्टेंबरमध्ये मी त्यांचं खातं बंद करून पैसे आईच्या खात्यात घेतले, परताव्याची आठवण न ठेवता. ऑक्टोबरमध्ये पडद्यावर आलं: रिफंड फेल्ड.

लोकांना मी नेहमी सांगते की परतावा येईपर्यंत खात्याला हात लावू नका.

वारस म्हणून आईची नोंदणी करायचा अर्ज मी मागच्या शुक्रवारी, सगळे गेल्यावर, भरला. मृत्यूचा दाखला, वडिलांचं पॅन, आईचं पॅन, वारस असल्याचा कागद, असे चार कागद जोडले. आईच्या पॅनवर जन्मतारीख १ जून आहे, आधारवरही १ जूनच आहे. आधी तपासून घेतली.